आदामाचे पतन झाले नसते तरी

क्वेकर म्हणजे शपथ न घेणारे, शस्त्र न धरणारे, बड्यांपुढे टोपी न काढणारे ख्रिस्ती पंथाचे लोक. विल्यम पेन त्यांच्यातला. धर्ममतांपायी लंडनच्या टॉवरमध्ये कैद भोगून आलेला. त्याच्या वडिलांचे राजाकडे सुमारे १६,००० पौंड येणे होते. त्यापोटी दुसऱ्या चार्ल्सने १६८१ साली त्याला अमेरिकेतला अफाट मुलूख लिहून दिला आणि हा माणूस पेनसिल्व्हेनियाचा धनी झाला. आता जबरदस्तीचा विटाळ मानणाऱ्याने दंड करण्याचा अधिकार आणायचा कुठून?

१६८२ मध्ये त्याने वसाहतीची राज्यघटना लिहिली. तिच्या प्रस्तावनेत तो थेट सृष्टीच्या आरंभापासून सुरुवात करतो. देवाने माणसाला जगावर आपला मुखत्यार नेमले. अंतरीचे प्रेम हाच तेव्हा कायदा. बाहेरून धाक लागत नव्हता. वासनेने माणूस ढळला, हेच आदामाचे पतन, आणि मग कायदा आला, तोही नीतिमानांसाठी नव्हे. पुढे बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय येतो: सत्ता देवाने नेमलेली आहे.

हाच अध्याय राजेलोकांच्याही हाताशी असे. दोनच वर्षांपूर्वी रॉबर्ट फिल्मरचा ग्रंथ, लेखकाच्या मृत्यूनंतर, छापून आला होता. आदामाचे पितृत्व हेच राजसत्तेचे मूळ, असे त्याचे म्हणणे. पेनही आदामाकडेच जातो, पण सत्तेला दोन कामे बांधून देतो: दुष्टांना जरब आणि सज्जनांना आधार. सत्ता पवित्र आहे ती या कामांमुळे. मग पावित्र्य राजाच्या वंशात उतरत नाही, कारभारात राहते.

एवढ्यावर थांबला असता तरी त्याचे भागले असते. पण तो म्हणतो, शिक्षा हा शासनाचा सर्वांत ओबडधोबड भाग. रोजची सौम्य, गरजेची व्यवस्था कितीतरी मोठी, आणि आदामाचे पतन झाले नसते तरी वस्ती वाढताच ती लागलीच असती. मला हे वाक्य सगळ्या प्रस्तावनेहून धीट वाटते. सरकार म्हणजे पापावरचा कडू काढा, ही समजूत त्याने बाजूला सारली. राज्यकारभार हा त्याला धर्माचाच भाग दिसतो, परोपकार करू शकणारा.

पण कारभार धर्माचा भाग, तर कारभारी कोण? सोबतच्या कायद्यांत एकेश्वर मानून शांततेने राहणाऱ्या कोणालाही श्रद्धेपायी छळायचे नाही, असे कलम आहे; कोणत्याही उपासनेला जाण्याची सक्तीही नाही. त्याच्या आधीचे कलम मात्र अधिकारपदे आणि मतदान ख्रिस्तावर श्रद्धा सांगणाऱ्यांपुरतेच ठेवते.