वाटणी झालेले शब्द

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी पुस्तकांत एक प्रकरण हमखास असतं: गोंधळात टाकणाऱ्या शब्दजोड्या. डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा, पुढे दोघांचे अर्थ. पाठ करा आणि पुढे चला. या जोड्यांपैकी बऱ्याच मुळात जोड्या नव्हत्याच, हे मात्र तिथे कोणी सांगत नाही. शब्द एकच होता. त्याची वाटणी पुढे झाली.

'स्टेशनरी' घ्या. शेवटी ए-आर-वाय असेल तर अर्थ स्थिर, ई-आर-वाय असेल तर कागद, वह्या, पेनं. उच्चार एकच, मूळही एकच: एका जागी उभं राहणं सांगणारा लॅटिन शब्द. मध्ययुगात फेरीवाले माल घेऊन गावोगाव फिरत. पुस्तकं विकणारे मात्र बहुधा विद्यापीठांच्या आसपास कायमचं दुकान मांडत, म्हणून ते 'स्टेशनर'. लंडनमधल्या त्यांच्या संघाला १५५७ मध्ये राजसनद मिळाली. पुढे दुकानदाराचं नाव मालालाही लागलं. 'बेकर'ची जशी 'बेकरी', तशी 'स्टेशनर'ची 'स्टेशनरी', मधल्या ई-सकट. एवढं कळलं की कुठे ए आणि कुठे ई हे घोकावं लागत नाही.

पीठ आणि फूल यांसाठीचे इंग्रजी शब्दही असेच. दळलेलं धान्य चाळल्यावर हाती येणारा सर्वांत बारीक, सर्वांत चांगला भाग म्हणजे दळणाचं 'फूल'. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या प्रसिद्ध कोशातही पिठाला वेगळं स्पेलिंग नाही.

'डिस्क्रीट'ची तऱ्हा आणखी मजेदार. दोन 'ई' जोडून आले तर तारतम्य बाळगणारा, गुपित राखणारा. दोन 'ई'च्या मध्ये टी आला तर सुटा, वेगवेगळा. दोघांचा पूर्वज एकच लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ 'वेगळा केलेला'. ज्याला बरं-वाईट वेगळं करता येतं तो शहाणा, असा तो अर्थ माणसाला चिकटला. एकाच शब्दाची अनेक स्पेलिंगं वापरात होती. छापील मजकुराला शिस्त येत गेली तशी त्यांतली काही एकेका अर्थाच्या नावावर चढली. 'देन' आणि 'दॅन', 'ऑफ' आणि 'ऑव्ह' यांचीही फारकत अशीच झाली. शाळकरी मुलाच्या वहीत लाल शाईनं खोडला जाणारा गोंधळ एके काळी इंग्रजांच्या लिखाणात राजरोस नांदत होता.

काही गोंधळ मात्र जिवावर बेततात. आपल्याकडे महामार्गावरच्या पेट्रोलच्या टँकरवर अजूनही 'हायली इन्फ्लेमेबल' असं रंगवलेलं दिसतं. यातलं 'इन' नकाराचं नाही. पेटवणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातच ते आहे. पण 'इन' दिसलं की नकार, ही सवय इतकी पक्की की वाचणारा नेमका उलटा अर्थ घेऊ शकतो. म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं 'फ्लेमेबल' हा नकाराचा भास न देणारा शब्द वापरण्याचा आग्रह धरला. इथे मूळ शब्दच अडचणीचा ठरला आणि व्युत्पत्तीपेक्षा वाचणाऱ्याची सवय महत्त्वाची मानली गेली.

'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' यांची वाटणी अजून पक्की झालेली नाही. पहिला म्हणजे निःपक्षपाती, दुसरा म्हणजे ज्याला रस नाही तो, असं व्याकरणाचे जाणकार बजावतात. पण सतराव्या शतकात पहिला 'रस नसलेला' आणि दुसरा 'निःपक्षपाती' या अर्थानंही वापरला जात होता. आज लोक पुन्हा पहिल्याला 'कंटाळलेला' म्हणून वापरतात, तेव्हा ते नकळत जुनीच वाट धरतात. तरीही हा फरक राखायला कारण आहे. आपल्या न्यायालयांच्या निकालपत्रांत 'इंटरेस्टेड विटनेस' म्हणजे निकालात ज्याचा स्वार्थ गुंतलेला आहे असा साक्षीदार. त्याच्या उलट, स्वार्थ नसलेल्या साक्षीदाराचा शब्द न्यायाधीश एरवी अधिक वजनदार मानतात. साक्ष देताना जांभया देणाऱ्याला ती सवलत नाही.