शिकलेली, आणि घरीच

सोलापुरात बाईला काम नाही, असे कुणी म्हणणार नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हा पूर्व भागातली कितीतरी घरे बायकांनी विडीवर तगवली. पाने आणि तंबाखू कारखान्यातून आणायची, घरी बसून हजार विड्यांची हजारी पुरी करायची, छाट म्हणजे नाकारलेल्या विड्या निघाल्या की ती आपल्या अंगावर घ्यायची. बाईसाठी या शहराने घडवलेला रोजगार हा असा, घरबसल्या आणि नगावर. पदवी घेतलेल्या मुलीला त्यात जागाच नाही.

गंमत म्हणजे पदवी आली तीही विडीतूनच. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळत आली. 2004 मध्ये एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी विद्यापीठ झाले आणि विद्यापीठाच्या कामासाठी कोल्हापूरला हेलपाटे घालणे संपले. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील अनेक मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीही माफ झाली. प्रवेशापर्यंतची वाट सरकारने आणि आईने मिळून झाडून ठेवली. टी. वाय. झाल्यावर मात्र पुढे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, नाहीतर तासिका तत्त्वावरची शिकवणी, नाहीतर एखाद्या दुकानात टॅली. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या गटाला अर्जाचे शुल्क हजार रुपये. विडी वळणाऱ्या घरात हजार रुपये म्हणजे काय, हे भरती काढणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवे होते.

अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चे नोबेल मिळाले. काम घरातून कारखान्यात गेले की बायका कामातून बाहेर पडतात आणि पुढे कचेऱ्यांतल्या नोकऱ्या वाढल्या की शिकलेल्या बायका परत येतात, असे त्यांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदींवरून दाखवले. सोलापुरात हा परतीचा टप्पा आलाच नाही, कारण कचेऱ्या अडीचशे किलोमीटरवर पुण्यात निघाल्या. भाऊ हुतात्मा एक्सप्रेसने बॅग घेऊन जातो, चार मित्रांत खोली करतो. बहिणीच्या खोलीचे भाडे, डिपॉझिट आणि 'राहणार कुणाकडे' हे प्रश्न पहिल्या पगाराआधीच उभे राहतात. मुलगा पुण्यात सेट होतो. मुलीला पुण्याचे स्थळ येते.

'मुलींकडे कौशल्य नाही' हे पालुपद मला पटत नाही. कौशल्य वापरायला जागा कुठे आहे, हे आधी दाखवा.

त्यात सरकारी मोजणीची तऱ्हा. काम शोधणे सोडलेली पदवीधर मुलगी श्रमबलाबाहेर धरली जाते, म्हणून ती बेरोजगारांत येत नाही. तीच आईशेजारी बसून विडी वळू लागली, तर घरच्या उद्योगातली बिनपगारी मदतनीस म्हणून चक्क रोजगारात मोजली जाते. देशातल्या पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला. पण यातली मोठी वाढ पगारी नोकरीत नाही, स्वयंरोजगारात आणि घरच्या मदतीत आहे. आकडा चढला म्हणून टाळ्या वाजवण्याआधी हे पाहावे.

सोलापूर विद्यापीठाला एक विनंती. पदवीदानानंतर दोन वर्षांनी प्रत्येक विद्यार्थिनीला विचारा, सध्या काय करता, पगार किती. निकालाची टक्केवारी जशी जाहीर करता, तशी ही उत्तरेही दरवर्षी, कॉलेजवार जाहीर करा.