वाकून बघणारा माणूस

आत्याला एकदा वस्तुसंग्रहालय दाखवायला नेलं होतं. तिसऱ्या दालनातच तिचे पाय भरून आले. अडकित्त्यांचं कपाट गुडघ्याएवढ्या उंचीवर, माहितीची चिठ्ठी त्याच्याही खाली, आणि काचेवर ट्यूबलाइटची तिरीप. चार-पाचदा वाकून झाल्यावर ती म्हणाली, "मला नाही रे यातलं काही कळत, तू बघून ये." जन्मभर अडकित्ता हाताळलेली बाई असं म्हणाली, हे मला अजून टोचतं.

दमलेला प्रेक्षक दोष स्वतःकडे घेतो. तो मांडणीचा असू शकतो, हे बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ साली दाखवून दिलं. चांगली नजर असलेल्या एका हुशार माणसाला त्यांनी कपाटांतल्या वस्तूंविषयी साधे प्रश्न विचारले आणि उत्तरं शोधताना त्याला कसकसं वाकावं लागतं, याची छायाचित्रं काढली. त्या लेखाचा विषय होता संग्रहालयात येणारा थकवा. वस्तू कपाटात कुठे मावते एवढंच बघून भागत नाही, ती डोळ्यांना कुठे सापडते हेही बघावं लागतं, ही गोष्ट त्या छायाचित्रांत उघडी पडली.

पुढे १९३५मध्ये आर्थर मेल्टन या मानसशास्त्रज्ञाने प्रेक्षकांच्या पावलांचाच माग घेतला. दालनात शिरल्यावर बहुतेक जण उजवीकडे वळतात आणि बाहेरचं दार दिसलं की चित्रं सोडून तिकडे ओढले जातात. म्हणजे चित्राची स्पर्धा दाराशीही असते!

याच काळात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तिथले संचालक आल्फ्रेड बार यांनी फिक्या भिंतींवर, नजरेच्या उंचीवर, अंतर राखून चित्रं लावायला सुरुवात केली होती. आज जगभर तीच रीत आहे. वाकण्याचा त्रास तिने संपवला, हे खरं. पण अशा दालनात माणसाने नुसता डोळा होऊन यावं अशी अपेक्षा असते, असं मला वाटतं. हानोव्हरच्या एका संग्रहालयातल्या दालनात १९२७ साली एल लिसित्स्की या कलाकाराने उलटं केलं. भिंतींवर उभ्या पट्ट्या बसवल्या, एका बाजूने पांढऱ्या, दुसऱ्या बाजूने काळ्या. तुम्ही चालाल तसा भिंतीचा रंग पालटे, आणि काही फळ्या प्रेक्षकाने स्वतः सरकवायच्या. नाझी राजवटीत ते दालन मोडून टाकलं गेलं.

मला सर्वांत जवळची वाटते वास्तुकार लीना बो बार्दी. साओ पाउलोच्या कलासंग्रहालयात १९६८ साली तिने चित्रं भिंतीवरून उतरवली आणि काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवलेल्या उभ्या काचांवर लावली. नाव आणि माहिती चित्राच्या पाठीमागे. आधी बघा, मग वळसा घालून वाचा. चित्रकाराचं नाव वाचून दबून जायची वेळच येत नाही. १९९६मध्ये या काचा काढल्या गेल्या. २०१५ साली पुन्हा उभ्या राहिल्या.

आत्याचे गुडघे मात्र त्या वळशांनीही कुरकुरले असते. तिच्यासाठी मी मनात एक बाक मांडून ठेवतो, पाठ टेकता येईल असा. समोर एकच अडकित्ता, बसल्या जागेवरून दिसेल अशा उंचीवर. चिठ्ठीची गरज नाही. तो कसा धरतात ते तीच सांगेल.