शोक करणाऱ्यांची भाषा

रडण्यासाठी आपल्या मराठीत किती शब्द आहेत पाहा! मूल मुसमुसते, विधवा स्फुंदते, पुत्र गेलेली आई हंबरडा फोडते. हा शब्द तर गाईच्या हंबरण्याचा आहे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने सातारा जिल्ह्यात, व ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीकडे, अनेक घरी शोक आला. अशा घरी जाणाऱ्याने काय करावे? कित्येक म्हणतात, पुनरुत्थानाची आशा असणाऱ्याने रडू नये. परंतु पौल थेस्सलनीकाकरांस, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच सांगतो. शोकच करू नका असे नव्हे.

योहानाचा 11 वा अध्याय वाचा. मरिया व तिच्याबरोबरचे लोक रडत होते. तेथे मूळ ग्रीकात मोठ्याने रडण्याचा शब्द आहे. प्रभूविषयी मात्र मुकाट्याने अश्रू ढाळण्याचा निराळा शब्द आहे, आणि तो नव्या करारात एकदाच येतो. तरी त्याने आक्रोश करणाऱ्यांस गप्प केले नाही.

म्हणून उपदेशक बंधूंनो, हंबरडा फोडणारीस दटावू नका. आणि जो कोपऱ्यात मुसमुसत आहे, त्याचा शोक थोडा असे समजू नका. त्याचा आवाज दाराबाहेर येत नाही. त्याच्याजवळ आपण होऊन जाऊन बसा.