पोवळें कां कोमेजतें?

पोवळें म्हटलें कीं आपल्या घरांतील वडील माणसांस अंगठींतील तांबडा खडा आठवतो. तो मंगळाचा खडा निर्जीव असल्यामुळें त्याच्या प्रकृतीची चिंता कोणास करावी लागत नाहीं. परंतु अलीकडे मुंबईच्या उपनगरांतील कांहीं घरांतून जिवंत पोवळीं काचेच्या टांकींत पाळलीं जातात, आणि त्यांबरोबर एक नवी चिंता घरांत शिरते: हीं कोमेजतात कां? प्रश्न दिसावयास छंदाचा आहे. पण थोडें खोल पाहिलें तर तो कर्तव्याचा आहे, म्हणून त्याचा येथें विचार करूं.

देवनारचेंच उदाहरण घेऊं. ठाण्याच्या खाडीचा हा कांठ चिखलाचा व तिवरांचा. तेथील गढूळ पाण्यांत उष्ण समुद्रांतील रंगीत पोवळें तगणार नाहीं. म्हणून देवनारच्या एखाद्या बिऱ्हाडांत तें पाळावयाचें तर समुद्र हातानें तयार करावा लागतो. शुद्ध केलेल्या पाण्यांत दर हजार भागांस सुमारें ३५ भाग क्षार मोजून घालावयाचे. उष्णता २५-२६ अंशांवर राखावयाची. लाटांच्या जागीं पंप आणि सूर्याच्या जागीं दिवा. पोवळें हा दगड नव्हे, वनस्पतीहि नव्हे. तो प्राणी आहे. मात्र त्याच्या शरीरांत सूक्ष्म शैवालें वस्तीस असतात, आणि प्रकाशाच्या साह्यानें अन्न तयार करून हे पाहुणेच यजमानास जेवूं घालतात. पाणी फार तापलें किंवा प्रकाश एकाएकीं वाढला म्हणजे हा सहवास मोडतो आणि पोवळें पांढरें पडतें. त्या क्षणीं तें मेलेलें नसतें, उपाशी असतें.

असें झालें कीं पाळणाराच्या मनांत पहिला प्रश्न येतो, "ह्याला काय कमी पडलें?" हा प्रश्न प्रेमळ खरा, पण पुष्कळदां तो चुकीच्या वाटेनें नेतो. विचारावयास हवें तें हें, "गेल्या कांहीं आठवड्यांत येथें काय बदललें?" ह्याचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे नवल वाटतें. दिवा मंद वाटला म्हणून अधिक तेजस्वी आणलेला असतो. उन्हाळ्यांत पाण्याची वाफ होऊन क्षार मागें राहिलेले असतात, आणि पातळी उतरलेली पाहून गोड्या पाण्याऐवजीं पुनः खारेंच पाणी ओतलेलें असतें. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले म्हणून तांब्याचें औषध घातलेलें असतें; तें माशांस वांचवितें आणि पोवळ्यास मारतें. ह्यांत दुष्टपणा कोठेंच नाहीं. प्रत्येक कृत्य मायेपोटींच घडलेलें असतें. परंतु माया मोजमापाचें काम करूं शकत नाहीं.

पुढें उपचारांची घाई सुरू होते. एकाच दिवशीं दिवा बदलतो, निम्में पाणी बदलतें, दुकानांतल्या दोन बाटल्या ओतल्या जातात. पोवळें सुधारलें तर कशानें सुधारलें हें कळत नाहीं, आणि मेलें तर कशानें मेलें हेंहि कळत नाहीं. जाणते लोक सांगतात कीं पाणी तपासावें, एकच गोष्ट बदलावी, आणि मग थांबावें. विषबाधेसारखा उघड प्रसंग सोडला तर हाच मार्ग खरा. आणि हें थांबणेंच सर्वांत कठीण. कांहीं तरी केल्यानें पोवळ्यास नव्हे, तर पाहणाऱ्याच्या जिवास आराम पडतो. अशा वेळीं स्वतःस विचारावें: हा उपचार चालला आहे तो त्या प्राण्याच्या दुखण्यावर, कीं माझ्या अस्वस्थतेवर? आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या कुटुंबासहि हा प्रश्न परका नाहीं.

काचेच्या टांकीचा आणखी एक धडा देवनारकरांस सहज समजेल. माशांस घातलेलें जास्त खाणें दिसेनासें होतें, पण नाहींसें होत नाहीं. त्याचें फॉस्फेट व नायट्रेट पाण्यांत सांचतें. मुंबई शहर १९२७ पासून आपला कचरा देवनारला टाकीत आलें. शहराच्या दृष्टीनें तो गेला. देवनारच्या दृष्टीनें तो आला. टांकीला असें देवनार नसतें. तींत पडलेलें सर्व तेथेंच राहतें, आणि काढावयाचें तर मालकानेंच तें काढावें लागतें.

कोणी म्हणेल, मग पाळावेंच कशाला? आक्षेप रास्त आहे. खडक बांधणारीं पोवळीं २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचींत आहेत. ज्या अनुसूचींत वाघ, तींतच तीं. आपल्या समुद्रांतून तीं उचलून आणणें हा गुन्हा आहे. मऊ जातींचीं पोवळीं पाळलेल्या वसाहतीचा तुकडा कापून वाढवितां येतात, हें खरें. तरी जो जीव स्वतः उठून दुसरीकडे जाऊं शकत नाहीं, त्यास घरीं आणणाऱ्यानें समुद्राचीं सारीं कामें अंगावर घेतलेलीं असतात. तीं निभणार नसतील तर न आणणें हाच धर्म.

आतां टांकीबाहेर पाहूं. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरहि पोवळीं आहेत. सागरी किनारा मार्गाच्या बांधकामासाठीं २०२० मध्यें वरळी व हाजीअली येथील अठरा लहान वसाहती हलवाव्या लागल्या. लक्षद्वीपचीं पोवळीं १९९८, २०१० आणि २०१६ सालीं समुद्र तापल्यामुळें पांढरीं पडलीं, आणि २०२४ मध्येंहि तोच प्रकार झाला. येथें निदानासाठीं रात्री जागवाव्या लागत नाहींत; कोळसा व तेल जाळून आपण हवा आणि समुद्र तापविले, हें सर्वांस ठाऊक आहे. टांकींत कारण गूढ असतें, पण जबाबदार माणूस समोर उभा असतो. समुद्रांत कारण उघड असतें, पण जबाबदारी इतक्या माणसांत वांटली गेलेली असते कीं कोणाच्याच वांट्यास ती आल्यासारखी वाटत नाहीं.

म्हणून ह्या छंदाचें खरें मोल शोभेंत नाहीं, संवयींत आहे. जो मनुष्य वहींत तारीखवार लिहितो कीं आज मीं काय घातलें, काय बदललें, त्यास हळूहळू दोष बाहेर शोधण्याआधीं आपल्या हातांकडे पाहण्याची संवय लागते. ती टांकीपुरतीच राहिली तर एक पोवळें जगेल. घरांतल्या विजेचा, प्रवासाचा, कचऱ्याचा हिशेबहि त्याच वहींत येऊं लागला, तर त्या पोवळ्यास घरीं आणल्याचें थोडें तरी ऋण फिटेल.