परत येणाऱ्याचे प्रायश्चित्त

परदेशास निघालेल्या माणसास उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. तेथील थंडी कशी, अन्न कोणते, कोणाशी कसे वागावे, हे सारे त्यास बोटीवर किंवा विमानात पाऊल ठेवण्यापूर्वीच ऐकावे लागते. परंतु पंधरावीस वर्षांनी तोच मनुष्य परत येऊ लागला म्हणजे त्यास कोणी काही सांगत नाही. तो आपल्याच घरी येत आहे, तेव्हा त्यास शिकवावयाचे ते काय, अशी सर्वांची समजूत असते, आणि त्याची स्वतःचीही तीच असते. पुढील वर्ष-दोन वर्षांत उभयपक्षी जो मनस्ताप होतो, त्याचे मूळ बहुधा या समजुतीत सापडते.

आमच्या जुन्या समाजाची समजूत अशी नव्हती. समुद्रापलीकडून आलेला मनुष्य जसा गेला तसा परत येत नाही, हे त्याने ओळखले होते. मात्र त्यावर त्याने योजलेला उपाय कठोर होता. समुद्रयान केलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरीही त्यास व्यवहारात घेऊ नये, असा निषेध कलिवर्ज्य प्रकरणात सांगितलेला आहे. व्यवहारात हा निषेध पुढे सैल झाला, आणि तीर्थस्नान व जातिभोजन यांवर भागू लागले. आमचे नाशिक अशा कामी उपयोगी पडणाऱ्या तीर्थांपैकी एक होते.

१८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईच्या त्यांच्या जातीने त्यांस बहिष्कृत केले, आणि जो कोणी त्यांस मदत करील किंवा बंदरावर पोचवावयास जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरविला. १८९१ च्या जुलैत ते बॅरिस्टर होऊन परतले. आई निवर्तल्याची वार्ता घरच्यांनी तोवर त्यांस कळविली नव्हती. ती मुंबईस उतरल्यावर कळली. राजकोटास जाण्यापूर्वी वडील बंधूंनी त्यांस नाशिकास आणून गोदावरीत स्नान घातले आणि राजकोटास जातिभोजन दिले. गांधींस हे रुचले नव्हते. बंधूंच्या प्रेमाखातर त्यांनी ते निमूटपणे केले, असे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेविले आहे.

या स्नानाने काय साधले? जातीतील एका तटाने त्यांस पदरात घेतले. दुसऱ्याने दार लाविलेलेच ठेविले. सासुरवाडीस व बहिणीच्या घरी त्यांस चोरून पाणी पाजण्याची तयारी होती, पण उघड करता येत नाही ते चोरून करावयाचे नाही, म्हणून त्यांनी तेथे पाणीही घेतले नाही. इकडे बंधूंच्या घरात विलायती भांडी आणि चहा-कॉफी आधीच आली होती. तीत कोको व ओटची लापशी यांची भर पडली, युरोपियन पोशाख आला, आणि खर्च वाढला. म्हणजे नदीवर धुतला गेला तो केवळ प्रवासाचा कल्पित विटाळ. तीन वर्षांत मनुष्य आणि घर यांच्यामध्ये जे अंतर पडले होते, त्यास गोदेचे पाणी लागलेच नाही.

आज असे स्नान कोणी मागत नाही, आणि ते गेले याचा आम्हांस आनंदच आहे. अमेरिकेत किंवा आखातात अर्धे आयुष्य काढून नाशकात गंगापूर रोडवर घर घेणाऱ्यास ज्ञाती काही विचारीत नाही. परंतु अंतर तसेच आहे. परदेशी राहणारा मनुष्य मनात जे गाव बाळगतो, ते तो निघाला त्या वर्षीच थांबलेले असते. इकडे जुन्या नाशकातील कित्येक वाडे पडून त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पाठची भावंडे म्हातारी झाली, आईबापांच्या आजारपणाचे निर्णय दुसऱ्यांनी घेतले. तो येतो तो या सर्वांविषयी मत घेऊन. आणि प्रत्येक वाक्याचा आरंभ ‘आमच्याकडे तिकडे’ असा करतो. घरची माणसेही मागे राहत नाहीत. त्याने पाणी उकळून मागितले तरी त्यांस तो गर्व वाटतो, आणि तो वेळेवर आला तर ती टीका वाटते.

मग जुळवून घ्यावयाचे ते कोणी? ‘जो आला त्याने’ हे सोपे उत्तर आहे, आणि गांधींचे दुसरे आगमन त्याच्या बाजूने साक्ष देईल असे वाटते. दक्षिण आफ्रिकेत सुमारे एकवीस वर्षे घालवून ९ जानेवारी १९१५ रोजी ते मुंबईस उतरले, ते काठेवाडी अंगरखा, फेटा आणि धोतर अशा वेषात. आयुष्याची उत्तम वर्षे गिरमिट्या मजुरांत गेल्यामुळे मुंबईच्या श्रीमंती सत्कारांत ते अवघडून गेले. गोखल्यांनी त्यांजकडून वचन घेतले होते की, एक वर्ष देश पाहावा आणि सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये. गोखले त्याच फेब्रुवारीत वारले, तरी वचन पाळले गेले; तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून गांधी देशभर हिंडले. आमच्या मते हे खरे प्रायश्चित्त होय. यात मागील वास्तव्याची लाज नाही. आपल्या पाठीमागे येथे जे जगले गेले ते आपणांस ठाऊक नाही, एवढीच कबुली आहे.

परंतु हा नियम सरसकट लाविला तर मोठा अन्याय होतो. १९१७ साली कोलंबिया व लंडन येथील अध्ययनानंतर डॉ. आंबेडकर परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेले. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहो ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असे त्यांनी लिहिले आहे. बडोद्यास त्यांस राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी सराईत ते नाव पालटून राहिले, तेथून अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांस बाहेर काढले. या विद्वानास ‘जरा जुळवून घ्या’ असे कोणी सांगावे? जुळवून घ्यावयाचे ते कशाशी? २ मार्च १९३० रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली नाशिकास काळाराम मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात येवले येथे त्यांनी धर्मांतराचा निश्चय जाहीर केला. ज्या घराने आपल्या माणसास परत घेतलेच नाही, तेथे प्रायश्चित्त घराकडे लागते.

पंचवटीतील रामकुंड आणि काळाराम मंदिर यांत फार अंतर नाही, आणि या दोन कथांत आम्हांस एक विवेक सापडतो. परतलेल्या माणसास जे खुपते ते दोन प्रकारचे असते: एक गैरसोय, दुसरा अन्याय. धूळ, गोंगाट, उशीर, न विचारता घरात येणारे शेजारी, ही गैरसोय. तिच्या बाबतीत वर्षभर मौन धरावे. त्यातील बरेचसे पुढे प्रेमाचेच रूप म्हणून ओळखू येते, आणि जे खरोखर वाईट ते सुधारण्याचा मार्गही तेव्हाच दिसतो. परंतु मोलकरणीचा कप वेगळा ठेविलेला दिसला, सुनेची मिळकत न विचारता घेतली गेलेली दिसली, तर तेथे मौनाचे वचन लागू नाही. गांधींनीही ते तसे लाविले नाही. त्याच मौनाच्या वर्षी, १९१५ च्या सप्टेंबरात, त्यांनी कोचरबच्या आश्रमात एका अस्पृश्य कुटुंबास घेतले. देणग्या बंद झाल्या, घरातही कुरकुर झाली, तरी ते हटले नाहीत. त्यांनी भाषण केले नाही. स्वतःचे दार उघडले.

येथे घरच्यांचे कर्तव्यही स्पष्ट होते. परतलेला मनुष्य अन्यायावर बोट ठेवतो तेव्हा ‘तू इतकी वर्षे नव्हतास, तुला काय कळते’ असे म्हणून त्याचे तोंड बंद करणे हा जुना बहिष्कारच होय. फक्त दंड सव्वा रुपयाचा राहिलेला नाही. सत्य सांगण्यास रहिवासाचा दाखला लागत नाही. दुरून आलेल्या डोळ्यांस जे दिसते ते नित्य पाहणाऱ्यांस पुष्कळदा दिसेनासे झालेले असते.

म्हणून ज्यांच्या घरी कोणी परत यावयाचे आहे, अशा कुटुंबांस आमची सूचना इतकीच की, त्यांनी त्यास आल्या आल्या तेथील गोष्टी विचाराव्या आणि येथील सांगाव्या. आईच्या शेवटच्या आजारापासून पाडलेल्या वाड्यापर्यंत, एकही न वगळता. त्यानेही त्या शेवटपर्यंत ऐकाव्या, आणि आपण तेव्हा काय केले असते हे सांगण्याची घाई करू नये.