धर्मगुरूंची आठवण आपण कशी ठेवावी?



धर्मगुरू येतात आणि जातात. चारपाच वर्षे झाली की बदलीचे पत्र येते, निरोपाचा मिस्सा होतो, हारतुरे होतात, डोळे पुसले जातात आणि पुढच्या रविवारी वेदीवर नवे फादर उभे असतात. ख्रिस्तसभेने ही पद्धत विचारपूर्वक ठेवली आहे. भाविकांची श्रद्धा माणसाला चिकटून राहू नये, प्रभूकडे जावी, हा त्यामागचा हेतू. तरीही काही धर्मगुरू मनातून जात नाहीत. ते आपल्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू नसले तरी संपूर्ण वसई त्यांना आपले मानते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे असे एक नाव. 25 जुलै 2024 रोजी ते प्रभूघरी गेले. जुलै महिना आला की घराघरांत त्यांचा विषय निघतो. म्हणून एक प्रश्न आपण एकमेकांना विचारू या: आपल्या आवडत्या धर्मगुरूची आठवण ठेवणे म्हणजे नेमके काय करणे?

फादरांचा परिचय माणिकपूरकरांना नव्याने करून द्यायला नको. पण आपल्या मुलांसाठी थोडे लिहायला हवे. नंदाखाल हे त्यांचे गाव. 1972 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. 1983 ते 2007 अशी चोवीस वर्षे त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि चर्चच्या आवारातले हे मासिक महाराष्ट्रातील वाचकांपर्यंत नेले. ‘सुबोध बायबल’ या त्यांच्या अनुवादाला 2013 सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी 2020 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवला, 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. पाद्री अध्यक्ष कसा, असे म्हणत काहींनी विरोध केला. फादर आजारी होते, तरी ते गेले आणि जे बोलायचे ते बोलले.

पण आपल्यावर त्यांचा जो प्रभाव पडला, तो पुरस्कारांमुळे नव्हे. पूर्वी आपल्यापैकी अनेकांच्या मनात धर्माची हद्द ठरलेली होती: रविवारचा मिस्सा, घरची जपमाळ, सणाचा उपास. चर्चचा दरवाजा ओलांडला की बाजार, जमीन, निवडणूक ही वेगळी दुनिया. फादरांनी ही हद्द मानली नाही. 1988-89 च्या सुमारास वसईच्या शेतीवाडीवर बांधकामाचे संकट येऊ लागले आणि गुंडगिरीची दहशत वाढली, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली ते लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. त्या मोर्चांत केवळ ख्रिस्ती नव्हते. सर्व धर्मांचे, सर्व जातींचे शेतकरी होते. पश्चिम पट्ट्यातील गावांत आज जी हिरवाई उरली आहे, तिच्यात त्या लढ्याचा मोठा वाटा आहे.

त्या वेळी सगळेच त्यांच्या बाजूचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. फादरांनी वेदी सांभाळावी, जमिनीच्या भानगडीत पडू नये, असे म्हणणारे आपल्याच समाजात होते. त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. धर्मगुरू एका बाजूने बोलला तर दुसऱ्या बाजूच्या भाविकाने पापनिवेदनाला कोणाकडे जायचे? उद्या त्याच वेदीवरून दुसऱ्या एखाद्याने पक्षाचा प्रचार केला तर? हा प्रश्न आजही खरा आहे. पण फादर मते मागायला उभे राहिले नाहीत. त्यांनी पाणी, माती आणि निर्भयपणे जगण्याचा हक्क यांच्यासाठी आवाज उठवला. हा फरक आपल्याला ओळखता आला तर वेदीचाही मान राहतो आणि अन्यायापुढे गप्प बसावेही लागत नाही.

आता आठवणीच्या प्रश्नाकडे येऊ. माणूस गेला की त्याला विसरण्याचे दोन मार्ग असतात. एक सर्वांना ठाऊक आहे: नाव काढायचेच नाही. दुसरा जरा गोड आहे: त्याला इतके उंच बसवायचे की तो आपल्या हाताला लागू नये. ‘ते फादर दिब्रिटो होते, म्हणून त्यांना जमले,’ हे वाक्य कानावर पडते तेव्हा ते कौतुकाचे वाटते. पण त्याचा पुढचा भाग न बोलता राहिलेला असतो: आपण तसे नाही, म्हणून आपल्याकडून अपेक्षा नको. फोटोला हार घातला की कामातून सुटका होते.

संत पौलाला करिंथच्या मंडळीत असाच काहीसा प्रकार दिसला होता. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे अपुल्लोसाचा. पौलाने त्यांना ठणकावले: लावणारा आणि पाणी घालणारा हे दोघेही सेवकच, वाढ देणारा देव आहे. मग काय, आपल्या धर्मगुरूला विसरून जावे? नाही. आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी आठवणच आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने शिष्यांना आपली आठवण ठेवायला सांगितले, पण नुसते आठवा असे सांगितले नाही. भाकर घेणे, मोडणे, वाटणे हे सर्व करायला सांगितले. ख्रिस्ती माणसाची आठवण हातांनी ठेवायची असते.

एक उदाहरण आपल्या दारातले घेऊ. वसईची गावे समुद्राच्या कडेला असूनही विहिरींना गोडे पाणी कसे, याचे एक उत्तर बावखलात आहे. पूर्वजांनी खोदलेल्या या तळ्यांत पावसाचे पाणी साठते, हळूहळू जमिनीत मुरते, विहिरी भरते आणि खाऱ्या पाण्याला दूर ठेवते. बावखल बुजवले आणि विहिरीचे पाणी टँकरने उपसले की तीच विहीर मचूळ होते. मुरायला जागा उरली नाही की पावसाचे पाणी घरात शिरते. जुलै 2018 च्या पुरात वसई रोड ते नालासोपारा परिसर कित्येक दिवस पाण्यात होता, ते आपल्याला आठवतच असेल.

ज्याने जमीन विकली तो वाईट, असे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. मुलीचे लग्न, आईचे आजारपण, न परवडणारी बागायत ही कारणे खरी असतात. शिवाय आज माणिकपुरात राहणारे आपले अनेक धर्मग्रामस्थ अशाच एखाद्या वाडीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत राहतात आणि तेही प्रभूच्या मेजाभोवती आपल्याबरोबर बसतात. तेव्हा कोणाकडे बोट दाखवणे हा फादरांचा वारसा होऊ शकत नाही. उरलेले काय सांभाळता येईल, हे मात्र आपण सगळे मिळून विचारू शकतो. अलीकडे काही गावांत तरुणांनी स्वतः गाळ काढून बावखले स्वच्छ केली. त्यातल्या अनेकांनी त्या जुन्या मोर्चाच्या वेळी जन्मही घेतला नव्हता. फादरांची पुण्यतिथी त्यांनी पाळली असेल किंवा नसेल, पण आठवण पाळली.

फादरांचे प्रत्येक मत आपल्याला पटलेच पाहिजे, असेही नाही. आठवण म्हणजे आज्ञापालन नव्हे. आयुष्यभर ज्यांनी वाद-संवाद केला, त्यांच्याशी मतभेद ठेवूनही त्यांचा मान राखता येतो. त्यांच्यासारखे लिहिणे, बोलणे सर्वांना जमणार नाही. त्याची गरजही नाही. घरात मुलांबरोबर मराठीतून बायबलचा एक उतारा वाचणे जमेल. सोसायटीत पावसाचे पाणी साठवण्याचा विषय काढणे जमेल. शेजारच्या दुसऱ्या धर्माच्या कुटुंबाच्या अडचणीला धावून जाणे जमेल. चुकीचे घडताना दिसले तर शांतपणे, पण सर्वांसमोर, हे बरोबर नाही असे म्हणणे कदाचित कठीण जाईल, पण तेही जमेल.

उत्तम मेंढपाळ गेल्यावर कळप विखुरला, तर त्या मेंढपाळाने कळपाला स्वतःचीच सवय लावली होती असे होईल. फादर दिब्रिटो तसे नव्हते, याचा पुरावा आता आपल्याकडेच आहे.

या रविवारी मिस्सामध्ये मृतांसाठी प्रार्थना करताना आपण फादरांना चिरशांती मागू. आणि त्यांनी सुरू केलेल्या कामातले एखादे लहानसे काम आपल्या हातून व्हावे, एवढी कृपा प्रभूने आपल्या धर्मग्रामाला द्यावी, हीही विनंती करू.